टेम्पोत बसून आलेली गाडी

जावयानं मोटारसायकलवर बसून सासुरवाडीला यावं ही जगाची रीत. धोंडिराम मिस्त्रीच्या दारात मात्र त्या रविवारी मोटारसायकलच टेम्पोत बसून आली, आणि जावई तिला दोन्ही हातांनी धरून मागं उभा होता.

बरं, आली ती तरी गुपचूप यावी! भवानी पेठेत रविवारी सकाळी निम्मी माणसं उंबऱ्यावर असतात. कुणी दाढी करतंय, कुणी शेंगा सोलतंय, आणि सगळ्यांचे डोळे मोकळे. टेम्पोचं मागचं फळकं खाली पडलं आणि गाडीच्या मडगार्डवरची पिवळी अक्षरं पेठेसमोर आली: ‘केसर ऑटो, भवानी पेठ’. लेकीच्या लग्नात धोंडिरामनं ती पेंटरला बसवून मुद्दाम काढून घेतली होती. लेकीच्या सासरी, वळसंगपर्यंतच्या रस्त्यानं लोकांनी वाचावीत, एवढाच त्याचा हेतू. आता ती पेठेनंच वाचली.

“मिस्त्री,” समोरचा पानपट्टीवाला विरुपाक्ष चुना मळता मळता म्हणाला, “लई लाडाची दिसती की तुमची गाडी. तिला चालायचेबी कष्ट देत न्हाय तुमी.”

दोघं-तिघं हसले. धोंडिरामही हसला. न हसून सांगतो कुणाला? पण कानाच्या पाळ्या गरम झालेल्या त्याला स्वतःला कळल्या.

या गाडीवर त्याचा जीव होता. बुद्धप्रियाचं लग्न ठरलं तेव्हा नागसेननं बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं, हुंडा नको, आमच्यात तो घेत नाहीत. धोंडिराम म्हणाला होता, “हुंडा न्हाय जावईबापू, हौस हाय माजी.” मग त्यानं भंगारात निघालेली एक गाडी उचलली आणि इंजिनाचा बोल्ट न् बोल्ट खोलून नव्यानं उभी केली. वायरिंग थोरल्या पोरानं, प्रदीपनं केलं. लग्नाच्या मांडवात किल्ली देताना धोंडिराम माइकवरून म्हणाला होता, “ह्या गाडीला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला, तर माजं नाक कापलं म्हणून समजा.” टाळ्या पडल्या होत्या. बोलणारा बोलून जातो. ते पाळायचं पुढच्यांनी. तेव्हापासून गाडी नुसती शिंकली तरी नागसेन ती सासऱ्याच्या दारात आणायचा.

आणि दिवाळीपासून ती शिंकत होती. रोज नाही. चार दिवस हात लावताच सुरू, पाचव्या दिवशी मुकी. बटण दाबा, किक मारा, काही नाही. ढकलली, खड्ड्यातून नेली की मधेच आपोआप सुरू. गॅरेजमध्ये आणली की शहाण्या पोरासारखी पहिल्या बटणाला बोलायची. धोंडिरामनं प्लग बदलला, कॉइल बदलली, बॅटरी बदलली, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची टाकी उलटी केली. गाडी पुन्हा वळसंगला जायची आणि महिन्याभरात पुन्हा दारात यायची. मागं बसून बुद्धप्रियाही यायची, तेवढंच काय ते गोड.

आज तीही टेम्पोच्या केबिनमधून खाली मान घालून उतरली. तिच्या मागून उतरली विहीण, गयाबाई. तिनं पदर सारखा केला आणि गाडीकडं बघून म्हणाली, “जरा बटन तर दाबून दावा, पावनं. बगू दे पेठंला.”

नागसेननंच पुढं होऊन बटण दाबलं.

गाडी सुरू झाली. पहिल्या झटक्यात, एका लयीत, कसला अडखळा नाही. विरुपाक्षानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. गयाबाईचा चेहरा पडला, नागसेनचा लाल झाला, आणि धोंडिरामला बरं वाटावं की वाईट तेच समजेना. गाडी बंद असती तर तो नालायक मिस्त्री ठरला असता. सुरू झाली तर लेकीची सासू खोटी ठरत होती. दोन्हीकडून मान आपलीच खाली.

“चला, आदी जेवून घ्या,” धोंडिरामची बायको केसरबाई दारातून म्हणाली. बायकांना अशा वेळी जेवण आठवतं, आणि तेच बरं असतं.

जावयासाठी मटण होतं, कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती. पण सगळे नुसते भाकरीचे तुकडे मोडत बसले. शेवटी गयाबाईनंच विषयाला तोंड फोडलं.

“पावनं, तुमाला खोटं वाटंल म्हनून सांगते. बेस्तरवारी सकाळी मला गरगरलं. चुलीम्होरं बसल्याली, तशीच कलंडले. ह्यो पळाला गाडीकडं. बटन दाबतोय, किक मारतोय, गाडी ढिम्म. शेवटाला शेजारच्या शिवशरणचा ट्रॅक्टर आणला. ट्रॉलीत वैरन, वैरनीवर मी. रस्ता तुमी बगितलाय. गरगरल्यालं ऱ्हायलं बाजूला, वाटंत माजी सगळी हाडं मी मोजून घेतली.”

“आगं बाई,” केसरबाई म्हणाली.

“डाक्टर म्हनला, साखर लई खाली आल्ती. आजून उशीर झाला असता तर अवगड हुतं.”

भाकरीची टोपली घेऊन बुद्धप्रिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथंच थांबली. तिचं तोंड उतरलेलं धोंडिरामनं पाहिलं. पोरीला बापाच्या कामाची लाज वाटतेय, असं त्यानं मनात धरलं, आणि हातातला घास ताटात ठेवला.

नागसेननं ताट थोडं पुढं सारलं. तो शांत माणूस, चिंचोळीच्या कारखान्यात कामाला. तो पाणी प्याला आणि खाली बघत म्हणाला, “मामा, राग धरू नका. गाडी हितंच राहू द्या. मी बसनं जात जाईन.”

“दुरुस्त हुईपर्यंत न्हवं?”

“न्हाय. ठेवूनच जातो.”

लग्नात दिलेली वस्तू सासरहून परत येते तेव्हा लोक वस्तूबद्दल बोलत नाहीत, घराबद्दल बोलतात. केसरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “जावईबापू, ताटावर बसून असं बोलू नगा की,” ती म्हणाली. नागसेननं मान आणखी खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. धोंडिरामला त्या घटकेला एक वाकडं अंगण हवंच होतं, आणि ते समोर जेवत बसलेलं होतं.

“वायरिंग कुणी केलं हुतं हिचं?” तो प्रदीपकडं वळला.

“मी,” प्रदीप म्हणाला. “तुमीच म्हनला हुता कर म्हनून.”

“म्हनलो, चुकलं माजं. तुज्या हाताला कामच न्हाय. गिऱ्हाइकाच्या गाडीत करतोस तसं भनीच्या गाडीतबी वरवरचं करून मोकळा झालास. उद्या विहीनबाईंना काय झालं असतं, तर मी कुटं तोंड लपवलं असतं रं?”

“अवो, पावन्यांम्होरं...” केसरबाई पुटपुटली.

“पावन्यांम्होरंच. त्यास्नीबी कळू दे कुणाचं काम हाय.”

प्रदीपचा चेहरा पांढरा पडला. दोन पोरांचा बाप तो, गॅरेज आता निम्म्याहून जास्त त्याच्यावरच चाललेलं. त्यानं एकदा दाराकडं, बहिणीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, “अण्णा, फ्यूजची डबी बगितली का तुमी?”

“डबी? ती मी सोता बांधलीया! माज्या हातची पट्टी हाय तिच्यावर. तितं बगायला मी काय येडा हाय?”

“बरं,” प्रदीप म्हणाला. त्यानं अर्ध्या ताटावर हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या ताटातला रस्सा पाण्यानं फिका होत गेला. त्याकडं बघायचं नाही म्हणून सगळे आपापल्या ताटाकडं बघत राहिले.

जेवणं कशीबशी उरकली. धोंडिरामनं गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेतली. दिवसाही तिथं अंधार असायचा. मांडी घालून खाली बसताना त्यानं सवयीनं हाक मारली, “प्रिया, टॉर्च धर गं.”

ती आली आणि त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. शाळेत असल्यापासून ती तिथंच उभी राहायची. पोरगी डावरी, टॉर्च डाव्या हातात, आणि उजेड बरोबर जिथं हवा तिथं पडायचा. प्रदीपला तो हजारदा सांगून थकला, हिला कधी सांगावं लागलं नव्हतं. पाना मागायच्या आधी पाना पुढं यायचा. लग्न झालं आणि शेडमधलं ते माणूस कमी झालं. धोंडिरामला त्याचं वाईट वाटलं होतं, पण ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पुरुषांच्या जातीला असली वाक्यं येत नाहीत.

त्यानं सगळं पुन्हा तपासलं. प्लगची ठिणगी निळी, जोरकस. बॅटरीचे स्क्रू घट्ट. वायर कुठं घासलेली नाही, कुठं तुटलेली नाही. प्रदीपचं काम बघावं तिथं नीटस निघत होतं, आणि प्रत्येक वायरीगणिक धोंडिरामला मघाचं बोलणं जास्त जास्त झोंबत होतं. शेवटी उरली ती डबी.

सीटखाली बॅटरीच्या शेजारी फ्यूजची ती काळी डबी. तिच्या झाकणाची खिटी पहिल्यापासूनच तुटलेली, म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर आवळली होती. दोन वेढे, आणि शेवटचं टोक आत खोचलेलं, बाहेर लोंबायचं नाही. ती त्याची सही होती. इतक्या महिन्यांत त्यानं सगळी गाडी खोलली, पण ही डबी उघडली नाही. दुसऱ्यानं हात लावलेल्या जागीच माणूस दोष शोधतो. स्वतःच्या हातावर कोण संशय घेतं?

आता प्रदीपचं बोलणं डोक्यात होतं म्हणून त्यानं नीट पाहिलं. दोन वेढे होते. टोक आत खोचलेलं होतं. पण वेढे उलटे गेले होते. उजव्या हातानं आवळले तर जातात तसे नाहीत, त्याच्या बरोबर उलट.

धोंडिरामचा हात तिथंच थांबला.

प्रदीप असली जागा तारेनं बांधायचा, रबर त्याला आवडायचंच नाही. नागसेनला तर सीट कुठून उघडते तेही धड माहीत नव्हतं. ही पट्टी आवळायला त्यानं आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं. तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, तिचे वेढे उलटे जायचे आणि ती रडकुंडीला यायची. तो म्हणाला होता, “उलटी गेली तरी चालतंय. टोक आत गेलं पायजे. उघडलेली जागा तशीच टाकायची न्हाय.”

टॉर्चचा उजेड डबीवरून बाजूला सरकला.

“प्रिया,” तो वर न बघता म्हणाला. “ही तू बांधलीस?”

“व्हय.”

“कवापासनं चाललंय?”

“दिवाळीपासनं.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “फ्यूज आर्धा ओडून ठिवायचा. मग कदी टेकतोय, कदी सुटतोय.”

“ते कळलं मला. कशापायी?” त्याला एकदम भीती वाटली. “तितं काय तरास हाय का? नागसेन...”

“न्हाय, अण्णा. कुणाचाबी तरास न्हाय. आत्याला इचारलं की जाऊन येऊ का, तर म्हनत्यात, परवाच तर गेल्तीस, माहेर काय पळून चाललंय? खरंबी हाय त्यांचं. जवळ हाय म्हनून तर कुणी धाडत न्हाय. पर गाडी आजारी पडली की कुणाला इचारायला लागत न्हाय. हेच म्हनत्यात, चल, तुज्या अण्णाकडं न्यायचीया.”

“म्हनून गाडी बिगडवायची? आगं, फोन करायचास की मला.”

“करते की. फोन केला की तुमी पैलं काय इचारता?”

धोंडिरामला उत्तर माहीत होतं. ‘गाडी कशी हाय?’ दुसरं काय? प्रत्येक वेळी तेच. गाडी बरी आहे म्हटलं की तो म्हणायचा, “हां, मग आईशी बोल,” आणि फोन केसरबाईच्या हातात. पोरीशी काय बोलायचं हे त्याला कधी कळलंच नव्हतं. गाडीचं विचारलं की तिचंच विचारल्यासारखं त्याला वाटायचं. तिला तसं वाटत नव्हतं.

“गाडी आनली की तुमी दिसभर हितं बसता,” ती म्हणाली. “मला म्हनता, टॉर्च धर.”

त्याला तिच्याकडं बघवेना. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं. “आन् बेस्तरवारी?” त्यानं विचारलं.

“आदल्या दिशी ओडून ठिवला हुता, रविवारी यायला मिळंल म्हनून. सकाळी आत्या पडल्या. मी पळाले डबी दाबायला, तर हेंनी मला बाजूला सारलं, म्हनले पानी आन. पानी घिऊन येस्तवर ट्रॅक्टर आला. मग कसं सांगू? रात्री नीट दाबून बांदून टाकला. पर हे म्हनले, आता ह्या गाडीवर मी बसनार न्हाय.” ती रडायला लागली. “दादाला मागल्या बारीलाच कळलं हुतं. म्हनला, परत करू नगंस, मी कुणाला सांगत न्हाय.”

म्हणजे प्रदीपनं ते सगळं ऐकून घेतलं होतं, माहीत असून. धोंडिरामला ते अर्धं ताट आठवलं, आणि शेडच्या जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं असं झालं. एका दुपारी एका माणसानं किती जणांपुढं लाजायचं, याला काही सुमार असतो.

तो उठला. तोंड पुसलं आणि बाहेर आला. ओट्यावर गयाबाई, नागसेन आणि केसरबाई बसली होती. प्रदीप पायरीवर पाठ करून.

“सापडलं,” धोंडिराम म्हणाला. “फ्यूज ढिला हुता. माज्याच हातची डबी, माजीच चूक. प्रदीपचं काय न्हाय त्यात. मी उगं बोललो त्याला.”

प्रदीपनं मान वळवून बापाकडं पाहिलं आणि मग बापाच्या मागं, शेडच्या दाराकडं.

“बगा!” गयाबाई सैल होऊन हसली. “एवडुशा फ्यूजानं एवडं रामायन. आन् गरीब पोराला सोन्यासारख्या ताटावरनं उटवलासा.”

नागसेनच्याही कपाळावरची आठी गेली. “मग नेऊ का मामा गाडी?” तो ओशाळून म्हणाला. “मघाशी मी जरा जास्तच बोललो.”

सगळं मिटलं होतं. केसरबाई चहा टाकायला उठलीसुद्धा. आणखी थोडा वेळ गेला असता तर ही गोष्ट त्या घरात पुन्हा कधी निघाली नसती.

“न्हाय, आत्या,” मागून बुद्धप्रिया म्हणाली. “अण्णांची चूक न्हाय. मीच करत हुते.”

“प्रिया, गप,” प्रदीप उठून उभा राहिला. पण ती गप्प बसली नाही. दिवाळीपासूनचं, बेस्तरवारचं, सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. नागसेन ऐकता ऐकता दुसरीकडं बघायला लागला.

गयाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “ट्रॉलीत तू माजं डोस्कं मांडीवर घेतलं हुतंस. वाटंभर रडत हुतीस. मला वाटलं, सून किती जीव लावती.”

“लावतेच की, आत्या.”

“तुला तोंड हुतं की गं. माहेरला जायाचंय म्हनायचं. मी काय न्हाय म्हनले असते?”

“म्हनले हुते,” बुद्धप्रिया म्हणाली. “दोन-तीन बार.”

आपण तेव्हा काय उत्तर दिलं होतं ते गयाबाईला आठवलं असणार, कारण ती उगाच वाकून चपला शोधायला लागली, आणि चपला तर पायापाशीच होत्या. “ऱ्हा आता,” ती चपलांकडंच बघत म्हणाली. “पोटभर ऱ्हा. कुणी घाई करनार न्हाय तुला.”

“विहीनबाई, आसं रागानं नगा जाऊ,” केसरबाई कळवळली.

“राग न्हाय, बाई. रागवायला तोंड कुटं ठिवलंय पोरीनं? माजंबी आन् तुमचंबी.”

नागसेननं धोंडिरामच्या हातातून किल्ली घेतली. बायकोच्या समोरून गेला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. गाडी शेडमधून बाहेर काढून त्यानं सासऱ्याला एवढंच विचारलं, “मामा, फ्यूज आता पक्का हाय न्हवं?”

“पक्का हाय.”

गयाबाई मागं बसली. गाडी पहिल्याच बटणाला सुरू झाली आणि पेठेच्या रस्त्याला लागली. धोंडिराम दारात उभा राहून ऐकत होता. आवाज स्वच्छ होता. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, कुठं अडखळा नाही, कुठं खडखड नाही. विरुपाक्षाच्या पानपट्टीवरून ती वळली तरी त्याला ऐकू येत होती. चांगली बांधली गेलीय गाडी, असं मनात येऊन त्यानं मान डोलावली.

मान डोलावली आणि त्याच्या ध्यानात आलं की मागं पोरगी हुंदके देतेय, बऱ्याच वेळापासून, आणि आपण गाडी ऐकत उभे आहोत.

तो वळला. बुद्धप्रिया भर उन्हात जळता टॉर्च हातात घेऊन उभी होती. प्रदीपनं तो तिच्या हातातून काढून घेतला, बंद केला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत न्यायला लागला.

“प्रिया,” धोंडिरामनं हाक मारली.

ती थांबली. डोळे पुसून तिनं मागं वळून पाहिलं आणि बाप काय विचारतो त्याची वाट बघत उभी राहिली. केसरबाई थांबली. प्रदीपही थांबला.

धोंडिराम उंबऱ्यात तसाच उभा राहिला. आपल्या लेकीला काय विचारायचं, ते त्याला सुचेना.